जीवशास्त्राचं वर्ष, सोलापूरच्या पावसाच्या हिशोबानं

शाळा उघडल्या की या सदराच्या टपालाचा नूरच पालटतो. यावेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीबद्दल आहेत, सहावी ते आठवीचं जीवशास्त्र वर्षभर बसवायचं कसं. म्हणून मोबाईल, ट्यूशन आणि गृहपाठाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, कुणी रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी यंदाच पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागलोय. हेडसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वार्षिक नियोजन आठवड्यात द्या. जुन्या सरांनी त्यांची मागच्या वर्षीची वही दिली आणि तारखा बदलून द्या म्हणाले. माझी बीएस्सी फिजिक्समधून झालीय त्यामुळे त्या धड्यांचं टेन्शन नाही, पण जीवशास्त्र कुठे कसं टाकायचं काही सुचत नाहीये. सातवीला पहिलाच धडा अनुकूलन आणि वर्गीकरणाचा, दुसरा वनस्पतींचा, आणि आमच्या ग्राउंडवर जूनमध्ये गवताची काडी नसते. काय करू? (एक नवा शिक्षक, अशोक चौक परिसर)

उत्तर : सर, तारखा बदललेली वही देऊन टाका, ऑफिसचं काम होऊन जाईल. मग स्वतःसाठी एक वेगळा कागद घ्या, खरं प्लॅनिंग त्याच्यावर करायचं.

त्या कागदावर आधी धडे लिहू नका, आधी सोलापूर लिहा. म्हणजे कुठल्या महिन्यात आपल्याकडे बाहेर काय जिवंत दिसतं ते. पुस्तक अख्ख्या महाराष्ट्राचं आहे, कोकणातल्या पोराला जूनमध्ये अंगणातच बेडूक, गोगलगाय, शेवाळ सगळं मिळतं, आपल्याकडे मृग कोरडा जाणं काही नवीन नाही. आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर, मुख्य पीक रब्बीचं, म्हणजे हिरवं काही दाखवायचं तर सप्टेंबर ते जानेवारी हाच आपला सीझन, आणि नेमकं त्याच वेळी सहामाही, दिवाळीची सुट्टी, गड्ड्याची जत्रा आणि स्नेहसंमेलन येऊन बसतं. हे आधीच दिसलं की मग पुढची आखणी सोपी जाते.

आता धड्यांचे दोन ढीग करा. एक बाहेरचे, म्हणजे वनस्पती, अनुकूलन, वर्गीकरण, परिसंस्था. दुसरे आतले, म्हणजे हाडं, स्नायू, पचन, रक्ताभिसरण, पेशी. बाहेरच्या धड्याला मुहूर्त असतो, तो हुकला की पुढच्या वर्षीपर्यंत बसा. आतला धडा कधीही घेता येतो, पोरं आपापलं पोट आणि हाडं रोज सोबत घेऊनच येतात. म्हणून आतले धडे ही तुमची स्टेपनी समजा, पाऊस लांबला, इलेक्शन ड्युटी लागली, कोजागिरीला निम्मा वर्ग तुळजापूरला चालत गेला, की डिकीतून एक काढायचा. कागदावर सहावी ते आठवीला २२० दिवस असतात, हातात किती राहतात ते दिवाळीपर्यंत तुम्हाला कळेलच.

सुरुवात कडुलिंबापासून करा. हे झाड सोलापुरात नाही असा रस्ता नाही आणि शाळा उघडते तेव्हा त्याच्या खाली लिंबोळ्या पडलेल्याच असतात. पोरांना ताज्या लिंबोळ्या गोळा करायला लावा, गर धुवून त्याच आठवड्यात पेरा, कारण ही बी ठेवून चालत नाही, काही आठवड्यांतच तिची उगवायची ताकद जाते. मग दोघादोघांना एकेक झाड वाटून द्या आणि दर शुक्रवारी पाच मिनिटं वहीत एकच ओळ, नवी पानं आहेत का, पिवळी किती, फूल आहे का, फळ आहे का, फांदीवर कोण बसलंय. वर्षभर. फेब्रुवारी-मार्चला झाड बरंचसं मोकळं होतं, मग तांबूस पालवी, मग पाडव्याच्या आगेमागे फुलोरा, आणि पुस्तकातला जीवनक्रम पोरांच्या वहीत आपोआप लिहून होतो.

त्याच झाडावर एक अख्खा पिरियड होतो बघा. एक डहाळी वर्गात आणा आणि विचारा यात पानं किती. पोरं मोजायला लागतील, पन्नास, साठ, कुणी शंभर सांगेल. मग म्हणायचं कोंब शोधा. पान जिथे फांदीला चिकटतं त्या बेचक्यात बारीकसा कोंब असतो, नखानं चाचपला तरी कळतो. कडुलिंबाच्या ज्या बारक्या दातेरी पात्यांना आपण पान म्हणतो त्यांच्या बुडाशी हा कोंब सापडतच नाही, तो सापडतो थेट त्या लांब दांडीच्या बुडाशी. म्हणजे ती अख्खी दांडी मिळून एक पान, आणि पाती म्हणजे पर्णिका. संयुक्त पानाची व्याख्या फळ्यावर लिहायची गरजच राहत नाही, पन्नास पानांची चारच राहिली म्हणून पोरं आपसात भांडत असतात तेवढ्यात बेल होते.

जून-जुलैत अजून दोन गोष्टी. पहिला पाऊस झाला की मृगाचा किडा निघतो, लाल मखमलीसारखा. त्याचे पाय मोजायला लावा, आठ भरतात, म्हणजे तो कीटक नाहीच, कोळी आणि विंचवाच्या भावकीतला. वर्गीकरणाचा धडा इथून सुरू केला तर पोरं जागी राहतात. बघून झालं की जिथून उचलला तिथेच सोडायचा. दुसरी गोष्ट डास. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे घरोघरी बॅरल आणि टाक्या, आणि डेंग्यूचा डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. घरच्या बॅरलमधलं अळ्यांचं पाणी बाटलीत आणायला सांगा, तोंडाला कापड घट्ट बांधा, आठ-दहा दिवसांत अळी, कोष, डास सगळं डोळ्यांसमोर होतं. अळ्या पाण्यात कशा लटकतात ते बघा, डोकं खाली करून तिरप्या लटकणाऱ्या डेंग्यूच्या किंवा साध्या घरगुती डासाच्या, पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या मलेरियाच्या. कोष झाले की कापडाची गाठ परत तपासा, आणि शेवटी बाटलीवर उकळतं पाणी ओतायचं, ते काम तुम्ही करा. आणि हो, बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, कारण या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीच कित्येक महिने टिकतात. हे पोरं घरी जाऊन आईला सांगतात, मग आठवीचा आरोग्य व रोग हा धडा अर्धा झालाच म्हणायचा.

आता सप्टेंबर, आणि हे काही झालं तरी सोडू नका. महिन्याच्या शेवटी दोन-तीन जुन्या पोत्यांत काळी माती भरा, एकात ज्वारी पेरा, एकात हरभरा. ज्वारी शक्यतो मालदांडी घ्या, ती ३५-१ म्हणतात ती, आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातूनच निघालेली जात आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पोरांना जरा अभिमानही वाटू दे. पाचेक आठवड्यांनी दोन्हीतलं एकेक रोप काढायचं, पण ओढायचं नाही, पोतं फाडून मातीसकट बादलीत भिजत ठेवायचं, मग मुळं शाबूत निघतात. ज्वारीला झुबका, हरभऱ्याला एक सोटमूळ आणि त्यावर बारीक गाठी. एक गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडायच्या कामाला लागलेत. एकदल-द्विदल, तंतुमूळ-सोटमूळ, सूक्ष्मजीवांचा उपयोग, सगळं एका बादलीत. नोव्हेंबरात हरभऱ्याच्या पानांवर सकाळी आंब, म्हणजे आंबट दंव, धरते तिच्यावर निळा लिटमस टेकवा, लाल होतो, म्हणजे आम्लाचा धडाही तिथेच उरकला. आणि ज्यांच्या घरी गुरं आहेत त्या पोरांना विचारा की कोवळी ज्वारी जनावराला का घालत नाहीत, आजोबा सांगतात किराळ लागते म्हणून, ते खरंच आहे, कोवळ्या ज्वारीच्या पानात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. झाडाला पळता येत नाही तर ते स्वतःला वाचवतं कसं, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दिवाळीनंतर पक्षी. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ सलीम अलींचा. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, १९३२ ला इथेच जन्मले आणि २०२५ ला इथेच गेले, आणि आपल्याच पोरांना हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. सप्ताह बऱ्याचदा सुट्टीत जातो, जाऊ द्या, थंडीतले पाहुणे काय एका आठवड्यात पळून जात नाहीत. विजापूर रोडच्या संभाजी तलावावर नाहीतर हिप्परग्याला एक सकाळ न्या. पोरांना पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका, फक्त चोच आणि पाय काढायला सांगा, कोण पाण्यात उलटं होऊन खातंय, कोण चिखलात चालतंय, कोण नुसतं पाणी गाळतंय. अनुकूलन म्हणजे हेच.

बाकीचं पटापट सांगते. सहावीचा त्वचेचा धडा डिसेंबर-जानेवारीत, सगळ्यांचे गाल आणि टाचा फुटलेल्या असतात तेव्हा. रक्ताभिसरण क्रीडा स्पर्धांच्या आठवड्यात, पळायच्या आधी आणि नंतर नाडी मोजायची. पचन फेब्रुवारीत, १० तारखेला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, शाळेत गोळी देतातच, ती कशासाठी हे त्याच दिवशी शिकवा. दुसरी फेरी ऑगस्टात असते, तेव्हा जमलं तर तेव्हा. एप्रिलात सकाळची शाळा आणि बेचाळीस डिग्री, तेव्हा पानं असलेल्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, सुटायच्या वेळेपर्यंत आत पाणी साचतं, बाष्पोत्सर्जन झालं.

एवढं सगळं पहिल्या वर्षी होणार नाही. कडुलिंब आणि ज्वारी एवढं जरी नीट केलंत तरी पुष्कळ झालं, डास वगैरे पुढच्या वर्षी.

प्रश्न : मॅडम, तुमचं हंगामानुसार शिकवायचं मी पूर्वीही ऐकलंय आणि पटतंही, पण मी मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे केंद्रप्रमुख आले की वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि टाचण वही जुळतेय का बघतात. शिवाय सहामाहीच्या पेपरला जे धडे येतात ते त्याआधी झालेच पाहिजेत. वनस्पतींचा धडा डिसेंबरात नेला तर ऑक्टोबरच्या पेपरचं काय? (जुळे सोलापूर)

उत्तर : बाई, धडा पुढे न्यायचाच नाही, फोडायचा. वनस्पतींचा धडा जुलैतच घ्या, पुस्तकाप्रमाणे, ओल्या फडक्यात ज्वारी आणि हरभरा भिजवून. तीन-चार दिवसांत मुळं येतात, मूळरोमसुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फूल शिकवायला जास्वंद बारा महिने मिळते, एका पोराला एक फूल आणि एक ब्लेडचा तुकडा, ब्लेड तुम्ही मोजून द्या आणि मोजून परत घ्या. पेपरपुरतं एवढ्यात भागतं. नंतर पोत्यातलं रोप काढायचं ते नियोजनात उजळणी किंवा उपक्रम म्हणून लिहायचं, आकारिक मूल्यमापनाला प्रात्यक्षिक आणि उपक्रम लागतातच ना, तिथे दाखवा. त्यामुळे कागद कुठेही खोटा होत नाही आणि पोरांना तोच धडा दुसऱ्यांदा मिळतो, पहिल्यांदा जे डोक्यावरून गेलेलं असतं ते तेव्हा बसतं.

अजून एक, शिक्षकांना टाचणात तारखेऐवजी आठवडा लिहायची मुभा द्या. पाऊस कधी येणार हे टाचण वहीला कळत नाही. तुमच्यासारख्या मुख्याध्यापिकेनं सही करताना एवढी मोकळीक दिली तर तपासायला येणारेही सहसा काही म्हणत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि वाईट वाटून घेऊ नका पण ते तयार पीडीएफ नियोजन व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ते शाळेत आणू देऊ नका. त्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परिसरातील जलीय वनस्पतींचे निरीक्षण लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. जूनमध्ये आपल्या परिसरात जल कुठंय?

प्रश्न : आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळतात. आरोग्याच्या धड्यात तंबाखूचे दुष्परिणाम आले की या मुली खाली मान घालून बसतात, मलाच अपराधी वाटतं. धडा तर टाळता येत नाही. (एक शिक्षिका, विडी घरकुल)

उत्तर : टाळू नका, फक्त दिशा बदला. तंबाखू खाणारा आणि ओढणारा एवढाच धडा ठेवला तर कमावणारी आई आपोआप गुन्हेगार ठरते. त्याऐवजी काम आणि शरीर असा विषय घ्या. कुठल्या कामात शरीरात काय शिरतं? लूमवर सुताचा कचरा आणि आवाज, विडीला तंबाखूची धूळ, शेतात फवारणीचं औषध, स्वयंपाकघरात धूर. श्वसनसंस्थेची आकृती फळ्यावर काढा आणि धूळ नाकातून आत कुठपर्यंत जाते, नाकातले केस आणि चिकट स्राव तिला कुठे अडवतात, उरलेली बारीक धूळ कुठे जाऊन बसते हे शिकवा. मग विचारा की काय केलं तर कमी जाईल. उत्तरं पोरीच देतील, दाराशी उजेडवाऱ्यात बसून काम करायचं, नाकाला पातळ फडकं बांधायचं, जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे, कारण तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही आत जातं आणि हात न धुता भाकरी खाल्ली तर पोटातही. तान्हं बाळ मांडीवर घेऊन सुपात तंबाखू घ्यायची नाही. हे असं घरी गेलं तर आईच्या कामाची लाज म्हणून जात नाही, काळजी म्हणून जातं. आणि तोंडाच्या कॅन्सरचं सांगायचं ते स्पष्टच सांगा, तिथे गुळमुळीत बोलू नका, कारण वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या खिशात पुडी असतेच.

तंबाखूच्या झाडात निकोटिन असतंच का हा प्रश्न एखादी मुलगी हमखास विचारते. किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून. वर ज्वारीचं सांगितलंय तेच सूत्र.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. शाळेत फुलपाखराचं जीवनचक्र शिकवल्यापासून घरात अळ्या आणतोय. बायको वैतागलीय. त्यातल्या दोन मेल्या तेव्हा हा दिवसभर जेवला नाही. हे चालू द्यावं का बंद करावं? (एक पालक, होटगी रोड)

उत्तर : चालू द्या की हो! पण त्याला पद्धत शिकवा. अळी बहुतेक उपासानं मरते. प्रत्येक अळीचं खाणं ठरलेलं असतं, ज्या झाडावर सापडली त्याच झाडाचा पाला तिला हवा, घरातली कोथिंबीर टाकून उपयोग नाही. बाजारातला पालाही नको, त्यावर औषध मारलेलं असू शकतं.

सगळ्यात सोपी म्हणजे लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या झाडावरची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि पांढरा डाग, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार. तिला काडीनं हळूच टोचलं तर डोक्यामागून एक नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो, मुंग्या-बिंग्या पळवायला. एकदाच करू द्या, सारखं नको, तिलाही त्रास होतो. रुंद तोंडाची बरणी, वर मच्छरदाणीचा तुकडा, रोज ताजी डहाळी, रोज खालची लेंडी साफ करायची, आणि आत एक सुकी काटकी तिरपी ठेवायची कोष लटकवायला. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे. बाहेर आल्यावर पंख वाळायला दोन-तीन तास लागतात, तेवढ्यात हात लावायचा नाही, मग गॅलरीत सोडून द्यायचं.

केसाळ अळ्या मात्र आणू देऊ नका, अंगाला खाज सुटते, डोळ्यात केस गेला तर डॉक्टर. वहिनींना सांगा की बरणी फक्त गॅलरीत राहील. आणि कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारकी गांधीलमाशी निघाली तर पोराला रडू देऊ नका, तिची आई आधीच अळीच्या अंगात अंडी घालून गेलेली असते. निसर्गात हेच जास्त वेळा होतं.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सूक्ष्मदर्शक एकच, त्याची भिंग बुरशी येऊन गेलेली. पेशी कशी दाखवू? पोरांना वाटतं पेशी म्हणजे पुस्तकातली रंगीत आकृती. (उत्तर सोलापूर तालुका)

उत्तर : सर, आधी भिंग मऊ कापडावर थोडं स्पिरिट घेऊन पुसून बघा, कधीकधी बुरशी नुसती वरच असते. पुढच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, चपला-बुटांच्या खोक्यात येतात त्याच.

नाही जमलं तर फोल्डस्कोप मागवा. मनु प्रकाश नावाच्या आपल्या माणसानं स्टॅनफर्डला बसून बनवलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक आहे, साधारण १४० पट मोठं दिसतं, मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटवून फोटोही निघतो. कांद्याच्या आतल्या बाजूचा पापुद्रा, त्यावर पातळ केलेल्या बेटाडिनचा थेंब, बस. विटा रचल्यासारख्या पेशी आणि प्रत्येकीत पिवळट-तपकिरी केंद्रक दिसतं. वेगळं आयोडीन आणायची गरज नाही, बेटाडिनमध्ये आयोडीनच असतं, त्यामुळे भाकरीच्या आणि बटाट्याच्या तुकड्यावर टाकलं तर पिष्टमयाची निळी-काळी परीक्षाही त्याच बाटलीत होते.

सूक्ष्मजीव डोळ्यांनी दाखवता येत नाहीत तर त्यांचं काम दाखवा. आपल्याकडे निम्म्या घरांत इडली-डोशाचं पीठ असतंच. तीन एकसारखे पारदर्शक ग्लास, सारखं पीठ, पट्टीनं खूण. एक शाळेच्या माठाजवळ गारव्याला, एक खिडकीत, एक उन्हातल्या पत्र्याखाली. दर तासाला किती चढलं ते मोजायचं. डिसेंबरात एकदा आणि मार्चात एकदा करा, दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढायला लावा, गणिताच्या सरांनाही खूश करता येईल. भाकरीवरची बुरशी करायची तर पारदर्शक पिशवी घट्ट बंद करून, आणि ती पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही, तशीच टाकून द्यायची.

प्रश्न : आठवीची सहल यंदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात न्यायचं ठरतंय. पोरांना माळढोक दिसेल का? तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रमही ठेवावा असं संस्थाचालक म्हणतात. (एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर : माळढोक दिसेल असं पोरांना कबूल करून नेऊ नका. १९७९ साली हे अभयारण्य त्याच्यासाठी झालं पण आता तो इथे दिसणं जवळजवळ दुरापास्त आहे, देशातच दीडशेच्या आसपास उरलेत असं म्हणतात आणि तेही बहुतेक राजस्थानात. का गेला हाच तुमचा परिसंस्थेचा धडा. मादी उघड्या जमिनीवर घालते एकच अंडं, घरटं म्हणावं असं काही नाही, म्हणजे कुत्री, गुरं, नांगर यातलं काहीही तिथे पोचलं की वर्ष वाया. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, एवढं धूड उडताना पटकन वळत नाही, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारेला धडकतो. पोरांना काळवीट दिसतील, चंडोल दिसतील, नशीब असेल तर धाविक पक्षी किंवा लांडग्याचे ठसे. डिसेंबर-जानेवारीत न्या, सकाळी लवकर, वनविभागाची परवानगी आधी काढून.

आणि वृक्षारोपण? संस्थाचालकांना माझा नमस्कार सांगा आणि तेवढं नको म्हणा. माळ म्हणजे रिकामी पडीक जागा नाही, ते गवताचं रान आहे, तिथले पक्षी उघड्यावर जगणारे, त्यांना लांबून शत्रू दिसावा लागतो. तिथे झाडं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. एवढीच हौस असेल तर शाळेच्या आवारात त्या जूनच्या लिंबोळ्यांची रोपं लावा.

अभयारण्यातून मात्र काही उचलायचं नाही, काडीसुद्धा नाही. परत येताना रस्त्याच्या कडेला कुसळी गवत असेल तर पोरांच्या मोज्यांत आणि पँटींत कुसळं घुसलेली असतातच, ती काढून एका डबीत ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात एकेक कुसळ कागदावर ठेवून शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटतो आणि कुसळ जागच्या जागी गोल फिरायला लागतं, वाळलं की परत पीळ घेतं. असं ओलं-कोरडं होत होत ते बी जमिनीत स्वतःला रुजवतं. सहलीचा अहवाल लिहा म्हटलं की सगळ्यांची एकसारखी अर्धी पानं येतात, त्यापेक्षा हे का फिरतं ते लिहून आणा म्हणा.